इथे पहिलं काही होत नसतं

ताईंच्या पाळणाघरात आजवर एकाही मुलाने पहिलं पाऊल टाकलेलं नाही. कुणाला पहिला दात आलेला नाही, कुणी पहिल्यांदा पालथं पडलेलं नाही, कुणी पहिली टाळी वाजवलेली नाही. सव्वीस वर्षं झाली. मुलं सकाळी सहापासून संध्याकाळी चारपर्यंत इथेच असतात, जागेपणीचा बहुतेक दिवस याच खोलीतल्या निळ्या सतरंजीवर काढतात, तेव्हा निम्मी तरी पहिली पावलं तिथेच पडली असणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. पडलीच आहेत. पण ताईंना विचारा, पापणीसुद्धा न हलवता सांगतील, "छे हो, इथे कुठलं! घरी लक्ष ठेवा, या आठवड्यात टाकेल बहुतेक."

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांना फुकट मिळालेला नव्हता.

पाळणाघर एका मोठ्या लॉन्ड्रीच्या पोटात होतं. शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट या लॉन्ड्रीत यायचे. खाली बॉयलर आणि धुलाईची यंत्रं, वर इस्त्रीचे रोलर आणि घड्या घालायची लांबच लांब टेबलं, आणि त्या हॉलच्या एका टोकाला काचेच्या भिंतीमागे ताईंची खोली. ताई नवीन असताना, पहिल्याच वर्षी, घड्या घालणाऱ्या एका बाईचा मुलगा या सतरंजीवर उठून चार पावलं चालला. ताई धावत सुटल्या. ती बाई तेव्हा खाली गाडीतून चादरी उतरवून घेत होती. "अहो चालला! तुमचा लेक चालला!" बाई हसली. "हो का?" म्हणाली. मग हातातली चादर तशीच धरून जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "दोन जिने खाली होते हो मी. दोनच जिने." तिचे डोळे भरून आले आणि ताईंना स्वतःची जीभ चावून टाकावीशी वाटली. त्या दिवसापासून पाळणाघरात पहिलं काही होईनासं झालं.

नियम पाळायचा तर नुसतं गप्प राहून भागत नाही. दुसऱ्या दिवशी आईबाप नाचत येतात, "ताई, काल चालली!" तेव्हा आश्चर्य वाटावं लागतं. ताईंनी त्याचा अभ्यास केला. आरशासमोर केला, खऱ्या माणसांची तोंडं न्याहाळून केला, आणि त्यातून त्यांना एक गोष्ट कळली. खऱ्या आश्चर्यात आधी डोळे मोठे होतात, मग तोंड उघडतं. खोट्यात तोंड आधी उघडतं आणि डोळे मागून धावत येतात. ताई डोळ्यांपासून सुरुवात करायच्या. सव्वीस वर्षांत एकाही आईला संशय आला नव्हता.

आता मुंगीचं सांगतो. मुंगी चौदा महिन्यांची. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण सतरंजीवर पडलेला कण न् कण उचलून कोपऱ्यात नेऊन साठवायची तिची रीत बघून ताईंनी मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. चालायची, चढायची, दुसऱ्याच्या वाटीतलं पळवायची, पण बोलायची नाही. म्हणजे एकही शब्द नाही.

त्या सोमवारी अकराच्या सुट्टीत ताईंच्या खोलीत नेहमीची मंडळी जमली होती, कारण आख्ख्या मजल्यावर चहाची किटली तिथेच होती. रोलरवरचा इस्त्रीवाला, फाटक्या चादरी शिवणारा शिंपी, आणि घडीवाली मावशी, चार मुलं वाढवलेली, बारा गावचं पाणी प्यालेली, पण तोंडात तीळ न भिजणारी. शिवाय यंत्रांचा मिस्त्री बेसिनखाली डोकं घालून गळका नळ दुरुस्त करत होता. या लॉन्ड्रीत जगाच्या पाठीवरून माणसं आलेली, त्यामुळे प्रत्येकाची भाषा वेगळी. ती घरी ठेवायची आणि इथे सगळ्यांची मिळून एक बोलायची. मुंगी ताईंशी भोकभोक खेळत होती. ताई तिच्या डोक्यावर उशीचा अभ्रा टाकत, मग ओढून काढत, "भोऽऽक!" तिसऱ्यांदा अभ्रा निघाला तशी मुंगीने ताईंकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "बाबा!"

चहा होता तिथेच थांबला.

"बापाला हाक मारली!" इस्त्रीवाला म्हणाला. "तुर्कीत बाबा म्हणजे वडील."

"स्वाहिलीत पण वडीलच," मावशी म्हणाली.

"बंगालीतही वडील," शिंपी म्हणाला. "पण आम्ही पोरालाही बाबाच म्हणतो. माझ्या थोरल्याला मी रोज विचारतो, बाबा, जेवलास का? तेव्हा ही बापाला म्हणाली असं कसं धरायचं? ताईंना लाडाने म्हणाली असेल."

"जपानीत म्हातारी," बेसिनखालून आवाज आला.

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं आणि खुलासा केला, "म्हणजे आजीबाई हो. जरा तुसडेपणाने म्हटलं तर थेरडी." ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की नळ अजून गळतोय हे त्याला एकदम आठवलं.

मग शब्द कुणाचा यावर जुंपली. इस्त्रीवाल्याचं म्हणणं, शब्द मुळात तुर्कांचा, बाकीच्यांनी उचलला. शिंप्याचं म्हणणं, फारसीतही बाबा आहे, ते लोक म्हणतील आमचा, आणि त्या दोघांआधी आमच्याकडे लोकांना बाप नव्हते की काय? ताईंनी मराठीची बाजू लावून धरली. आमच्यात बाप बाबा, साधू बाबा, कंटाळा आला की नको रे बाबा, आणि पोर जेवत नसेल तर बाबापुता. एवढी कामं करणारा शब्द पाहुणा असेल का? मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि दोन ओठ मिटून उघडून दाखवले. "हे बघा. बा. याला आणायला कुठल्या देशात जावं लागतं? पोर आधी आवाज करतं. मग समोर जो उभा असेल तो म्हणतो, मला हाक मारली. बास, झाला शब्द तयार."

इस्त्रीवाला तसेच ओठ मिटून उघडून बघायला लागला. ताईंनी संधी साधून सगळ्यांकडे बोट रोखलं. "तर आज इथे काय झालं?"

"काही नाही," चौघांनी शाळेतल्या मुलांसारखं म्हटलं.

पण एरवीसारखं हे इथे मिटणार नव्हतं. मुंगीचा बाप याच लॉन्ड्रीतला बॉयलरवाला. धिप्पाड, लाजाळू, ताईंच्याच मराठीतला माणूस, तेव्हा बाबा म्हणजे तो. मुंगीची आई लॉन्ड्रीची गाडी चालवायची, ती मूळची बल्गेरियन, आणि तिची आई नातीसाठी म्हणून तीन महिन्यांपूर्वी आली होती. बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजी. घरात दोन बाबा आणि एक मुकं पोर. आजीबाई सकाळी छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "बाबा." बॉयलरवाला संध्याकाळी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "बाबा." सासू-जावयाला एकमेकांची भाषा ओ की ठो येत नव्हती, आणि जो एक शब्द दोघांना येत होता त्यावरच दोघांचा दावा होता. सुरुवातीला ती गंमत होती. मुंगीची आई गाडी लावता लावता ताईंना हसून सांगायची, "दोघांना एकच शब्द हवाय ताई, तरी भांडताहेत! मला तर पोरगी बघायलाही मिळत नाही सध्या. दुसऱ्या ड्रायव्हरचा पाय प्लास्टरमध्ये, लांबचे दोन्ही रूट माझ्याकडे. झोपलेली सोडून जाते, झोपलेली येऊन बघते." आणि गाडी सुरू करून निघून जायची.

मग स्वेटर झाला.

आजीबाईंकडे वीटकरी रंगाचा एक लोकरीचा स्वेटर होता, त्यांच्या आईने विणलेला. त्यावर पोरीने दूध सांडलं आणि डाग पडला. बॉयलरवाल्याला वाटलं, सासूबाईंना खूश करायची हीच वेळ. गुपचूप स्वेटर आणला आणि ऑपरेशनच्या चादरींबरोबर नव्वद डिग्रीच्या धुलाईत टाकला. लॉन्ड्रीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला लोकर कशी धुवायची हे ठाऊक नसावं? नव्हतं ठाऊक. हॉस्पिटलातून लोकर येत नाही. डाग साफ गेला. स्वेटर कांबळ्यासारखा जाड होऊन बाहेर आला, आणि एवढुसा. बॉयलरवाल्याने तो सासूबाईंसमोर धरला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा स्वेटर आणला, तो त्यांनी घडी न मोडता खुर्चीवर ठेवला. तेव्हापासून दोघं एका वाटेनेही चालेनात. पोरीला आणायला-न्यायला एक दिवस आजीबाई, एक दिवस तो.

आणि येत्या रविवारी आजीबाईंचं परतीचं विमान होतं.

ताईंना रात्रभर हेच डोळ्यांपुढे दिसलं. बुधवारी बाप न्यायला आला आणि पोर जिन्यातच "बाबा" म्हणाली, तर म्हातारी रिकाम्या कानांनी परत जाणार, आणि मनात तो स्वेटर घेऊन जाणार. मंगळवारी म्हातारीला म्हणाली, तर बापाला वाटणार, पोरसुद्धा माझ्यावर रुसली. पुढच्या भेटीला वर्ष की तीन वर्षं, कोण सांगणार? हा शब्द दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडला पाहिजे. तोवर मुंगीने तोंड उघडता कामा नये.

पोराचं तोंड बंद ठेवण्याचा ताईंना एकच उपाय ठाऊक होता. रोज चारला दोन मिनिटं बाकी असताना त्या मुंगीच्या तोंडात टोस्ट द्यायच्या. अख्खा. मुंगी दोन्ही गाल फुगवून निघायची आणि ताई काचेतून बघत राहायच्या, पार फाटकाबाहेर जाईपर्यंत.

तोवर मावशीच्या कृपेने सोमवारी संध्याकाळीच आख्ख्या हॉलला बातमी कळली होती. चाळीस माणसं. पण नियमही सगळ्यांना ठाऊक होता, आणि निम्म्यांची पोरं ताईंच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे सगळ्यांनी मिळून गुपित पाळायला घेतलं आणि ते इतक्या जोरात पाळलं की विचारू नका. बॉयलरवाला वर आला की इस्त्रीवाला शीळ घालायला लागायचा. शिंपी उगाच हवापाण्याचं बोलायचा. आजीबाई आल्या की रोलरवरच्या चार बायका एकदम खोकायच्या.

"ताई, सगळे माझ्याकडे असे का बघतात?" बॉयलरवाल्याने बुधवारी विचारलं.

"तुझ्या गालाला काजळी लागलीय," ताई म्हणाल्या. खरोखरच लागली होती, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र ताईंच्या नजरेत आली होती आणि त्यांनी तिचा विचार केला नाही. मंगळवारी सकाळी आजीबाई पोरीला घेऊन आल्या तेव्हा मुंगीच्या तोंडात पावाची जाडजूड कड होती. बुधवारी बाप घेऊन आला तेव्हा तोंडात चोखणी. मुंगीने चोखणी सोडून सहा महिने झाले होते. गुरुवारी पुन्हा पावाची कड, शुक्रवारी पुन्हा चोखणी, तीही रिबिनीने बांधलेली. ताईंनी मनात म्हटलं, दाढा येत असतील.

शनिवारी लॉन्ड्री बारालाच सुटते. ताईंनी ठरवून टाकलं: बाराला घडीच्या हॉलमध्ये आजीबाईंना निरोपाचा चहा. त्या जाणार म्हटल्यावर त्यांना यावंच लागेल, आणि बॉयलरवाला बॉयलर बंद करून वर आला की आयता सापडेल. इथे पहिलं काही होत नसतं हा नियम त्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून मोडणार होत्या. त्यांना अपराधी वाटत होतं आणि गंमतही वाटत होती, दोन्ही एकदमच.

बाराला टेबलं बाजूला सरली. मधोमध निळी सतरंजी आली. आजीबाई आल्या, डोक्याला रुमाल, हातात पिशवी, आणि कडेवर मुंगी. मुंगीच्या अंगात वीटकरी रंगाचा स्वेटर होता.

तोच स्वेटर. बाह्या कापून नीट शिवलेल्या, पुढे तीन नवी बटणं, आणि मुंगीला असा बसलेला जणू मापाने शिवला होता. बॉयलरवाला दाराशी हात पुसत उभा होता. त्याने स्वेटर बघितला, मग सासूबाईंकडे बघितलं, आणि मग हात पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं, ज्याने दोन्ही डोळ्यांभोवती काजळी झाली. आजीबाईंनी हनुवटीने सतरंजीकडे खूण केली, म्हणजे बस तिथे. तो बसला. शेजारी हातभर अंतर ठेवून त्या बसल्या. ताईंना वाटलं, अर्धं काम माझ्याशिवायच झालं की!

त्यांनी मुंगीला दोघांच्या समोर ठेवलं, तोंडातली पावाची कड काढून घेतली आणि डोक्यावर अभ्रा टाकला. चाळीस माणसांनी श्वास धरला. ताईंनी अभ्रा ओढला.

"भोऽऽक!"

"बाबा!" मुंगी म्हणाली.

हॉलभर तोंडं उघडली. "अरे!" "बोलली!" "अहो, बोलली की!" इस्त्रीवाल्याने तर छाती पिटली. चाळीसच्या चाळीस तोंडं आधी उघडली आणि डोळे मागून धावत आले. ताईंना हसू आवरेना. इतका गचाळ अभिनय त्यांनी जन्मात बघितला नव्हता. मग त्यांची नजर समोरच्या दोघांवर गेली, आणि हसू जागीच थांबलं.

बॉयलरवाल्याचंही तोंड आधी उघडलं होतं. आजीबाईंचंही.

आयुष्याची सव्वीस वर्षं खोटं आश्चर्य दाखवण्यात घालवलेल्या बाईला दुसऱ्याचं ओळखता येणार नाही का? दोघं तोंडाचा आ वासून बसले होते, आणि वर बॉयलरवाला सासूबाईंकडे बोट दाखवत होता, "तुम्हाला! तुम्हाला म्हणाली!" आणि आजीबाई जावयाच्या छातीवर बोट टोचत आपल्या भाषेत काहीतरी सांगत होत्या, ज्यातलं एकच कळत होतं, तुला, तुला.

ताई बॉयलरवाल्याच्या कानाशी वाकल्या. "कधी ऐकलंस?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "मागच्या रविवारी, ताई. अंघोळ घालताना. म्हटलं, सासूबाई चालल्यात. त्यांना आधी मिळू दे. मी काय, रोजच ऐकणार. स्वेटरची भरपाई म्हणून नाही हं. म्हणजे थोडी तशीच. पण तुम्हाला कसं कळलं?"

"चोखणी," ताई म्हणाल्या, आणि आजीबाईंच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीतून पावाच्या आणखी तीन कडा डोकावत होत्या.

आजीबाईंनी चोखणीकडे बघितलं, जी जावयाच्या खिशातून रिबिनीसकट लोंबत होती. मग आपल्या पिशवीकडे बघितलं. मग ताईंच्या एप्रनच्या खिशातल्या टोस्टकडे. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की रुमाल सुटला, आणि जावयाच्या पाठीत त्यांनी असा गुद्दा घातला की तो धिप्पाड माणूस सतरंजीवर हात टेकून सावरला. हातभर अंतर राहिलं नाही. त्यांनी बोटं मोजून दाखवली, शनिवार, म्हणजे रविवारच्याही आदला दिवस, आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनीही जावयासाठीच ठेवलं होतं. म्हातारी म्हातारी असूनही सगळ्यांच्या आधी ऐकून बसली होती!

म्हणजे ताईंच्या पाळणाघरात या खेपेला पहिलं खरोखरच झालेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत एकदा तरी त्या खरं बोलल्या होत्या.

आणि नेमक्या त्याच वेळी दाराशी मुंगीची आई येऊन उभी राहिली. दोन रूट पळवत आली असावी. केस विस्कटलेले, हातात गाडीच्या किल्ल्या, अंगावर रस्त्याची धूळ. तिने हॉलभर उघडी तोंडं बघितली, तिची आई आणि नवरा एकमेकांच्या अंगावर पडून हसताहेत हे बघितलं, आणि तिला अर्थातच काही उलगडेना.

"काय झालं?" तिने विचारलं. "मी काय चुकवलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठवडाभर ताई बापाचं आणि आजीचं मोजत बसल्या, कुणाला शब्द, कुणाला किती, आणि जिच्यासाठी हा नियम केला ती आठवलीच नाही. झोपलेली सोडून जाते, झोपलेली येऊन बघते. तिने स्वतःच्या तोंडाने हसत हसत सांगितलं होतं आणि ताईंनी हसत हसत ऐकलं होतं. दोन जिने खाली असलेली ती बाई त्यांना लख्ख आठवली, हातातल्या चादरीसकट.

"काय झालं ताई?"

ताईंनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली. चाळीस तोंडं फटाफट मिटली.

"काही नाही गं," ताई म्हणाल्या. "इथे कुठलं काय होतंय! तुझी आई निघालीय म्हणून चहा."

"काही नाही, काही नाही," इस्त्रीवाला म्हणाला. शिंप्याने हवापाण्याचं काढलं. बॉयलरवाल्याने बायकोकडे बघितलं, एकदम त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने सासूबाईंचं कोपर धरलं. त्यांना शब्दांतलं काही कळलं नसेल, पण लेकीच्या धुळकट केसांकडे बघून सगळं कळलं. दोघं एकदमच उठले आणि सतरंजीवरून बाजूला झाले.

"ये, बस घटकाभर," ताईंनी मुंगीच्या आईला म्हटलं. "किती दिवसांत जागी बघितली नसशील. अस्सं समोर बस. आम्ही भोकभोक खेळत होतो."

ती सतरंजीवर गुडघे टेकून बसली. मुंगीने तिच्याकडे टक लावून बघितलं. ताईंनी अभ्रा टाकला. पोराचं काय सांगावं? दहा वेळा म्हणेल, अकराव्यांदा तोंडात मूठ घालून बसेल. सव्वीस वर्षं ताईंनी असल्या गोष्टी लपवल्या होत्या; घडवून आणायची वेळ कधी आली नव्हती. हॉलमध्ये रोलर बंद, बॉयलर बंद, मिस्त्रीने दुरुस्त केलेला नळ तेवढा टपटपत होता.

त्यांनी अभ्रा ओढला.

मुंगीने आईला बघितलं. तिचा चेहरा फुलला, दोन्ही हात वर गेले, आणि काचा हादरतील अशा आवाजात ती ओरडली, "बाबाऽ!"

आधी डोळे मोठे झाले. ताई तेच बघत होत्या. आधी डोळे मोठे झाले, काठोकाठ भरले, आणि मग कितीतरी वेळाने तोंड उघडलं. किल्ल्या सतरंजीवर पडल्या.

"मला म्हणाली!" मुंगीची आई म्हणाली. तिने पोरीला स्वेटरसकट उचलून छातीशी धरलं. "आई, बघितलंस? अहो, ऐकलंत? बोलली! मला बोलली! ताई, मला हाक मारली हिने!"

तुर्कीत नाही, स्वाहिलीत नाही, बंगालीत नाही, मराठीत नाही, आणि तिच्या स्वतःच्या बल्गेरियनमध्ये तर नाहीच नाही. तिथे हजर असलेल्या एकाही भाषेत बाबा म्हणजे आई होत नव्हतं. पण आजीबाई मान डोलावत होत्या, हो, तुलाच. बॉयलरवाला काळ्या डोळ्यांनी म्हणत होता, "तुलाच, दुसऱ्या कुणाला?" मावशीने एप्रन डोळ्यांना लावला होता. आणि ताईंनी "काय सांगतेस!" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांना जाणवलं की त्यांचे डोळे आधीच मोठे झालेले आहेत, आणि ते त्यांनी केलेले नाहीत.

फक्त मिस्त्री एक पाऊल पुढे आला. माणूस प्रामाणिक, चुकीचं काही राहू द्यायचा नाही.

"पण खरं म्हणजे," त्याने सुरुवात केली, "जपानीत—"

ताईंनी एप्रनच्या खिशातला टोस्ट काढला आणि अख्खाच्या अख्खा त्याच्या तोंडात दिला.